यातले आपले कोणते?

माणसाला व्यसन असावे, पण ते निदान गावात मिळणारे तरी असावे. तंबाखू मळणाऱ्याला टपरी आहे, पत्ते पिसणाऱ्याला पार आहे, आणि राजकारण करणाऱ्याला तर आमच्या केडगावात सोसायटीपासून उपबाजारापर्यंत सगळे घरपोच आहे. माझे व्यसन मात्र गावापासून साठ किलोमीटर शटलने आणि पुढे दोन बस बदलून बालेवाडीला भेटत असे. मला फुटबॉलचा नाद आहे. नाद पाहण्याचा, खेळण्याचा नव्हे. खेळलो मी आयुष्यात एकदाच. त्या वेळी चेंडू आणि माझा पाय यांची जी चुकामूक झाली ती आजतागायत मिटलेली नाही.

केडगाव म्हणजे पुणे-दौंड लोहमार्गावरचे स्टेशन. पाहुणे आले की आम्ही त्यांना दोन गोष्टी अभिमानाने सांगतो. एक पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. बाईंनी 1898 साली इथल्या माळावर मुक्ती सदन उभे केले आणि 1922 साली इथेच देह ठेवला. दुसरे नारायण महाराजांचे बेट आणि तिथले दत्ताचे देऊळ. पाहुणे दोन्ही गोष्टी ऐकून घेतात, मान डोलावतात आणि हळूच विचारतात, "ते चौफुला इथून किती लांब हो?" सोलापूर रस्त्यावरचे चौफुला तीन-चार किलोमीटरवर आहे आणि तिथली लावणीची कलाकेंद्रे महाराष्ट्रभर माहीत आहेत. या चौफुल्याचा माझ्या फुटबॉलशी काय संबंध, ते पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की अशा गावात फुटबॉल कोणी पाहत नाही, आणि कोणी पाहत असेल यावर कोणाचा विश्वासही बसत नाही.

हा रोग मला कोल्हापुरात जडला. बी.एड.साठी मी तिथे गेलो आणि शिवाजी पेठेत एक खोली पाहायला गेलो. घरमालकांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, अनामत रकमेचेही बोलले नाहीत. एकदम म्हणाले, "खंडोबा का पाटाकडील?"

मला वाटले, देवधर्माचे विचारताहेत. जेजुरी आमच्यापासून जवळ, शिवाय कुलदैवत. मी हात जोडून म्हणालो, "आमचा खंडोबाच. पिढ्यान्‌पिढ्या."

मालकांचा चेहरा उतरला. खोली मिळाली, पण पुढचे वर्षभर मला त्यांच्या घरचा तांबडा रस्सा मिळाला नाही. खंडोबा तालीम मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ ही कोल्हापुरातल्या दोन फुटबॉल संघांची नावे आहेत, हे कळेपर्यंत उशीर झाला होता. मालक पाटाकडीलचे होते. आणि मी, ज्याने तोवर फुटबॉल हातात धरून पाहिला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा खंडोबावाला ठरलो होतो.

मग काय, दिलेला शब्द पाळण्यासाठी शाहू स्टेडियमवर जाणे आले. तिथे जे पाहिले ते पुन्हा कुठे पाहिले नाही. कोल्हापुरात संघ तालमीचे असतात. शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, फुलेवाडी, सगळ्यांची मुळे पेठेत नाहीतर गल्लीत. ज्या आखाड्यांत पूर्वी शड्डू घुमत होते त्यांनीच चेंडू हाती, म्हणजे पायी, धरला. सकाळी ज्याच्याकडून दूध घ्यायचे तोच दुपारी गोलकीपर. त्याने गोल सोडला तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुधात पाणी असल्याची तक्रार करणार, हे ठरलेले. बाई-माणसेसुद्धा निकाल विचारत. तिथे कोणी 'आपला संघ' म्हणाला तर त्यात 'आपला' या शब्दाला वजन असे. मी वर्षभराने पदवी घेऊन परत आलो तेव्हा पदवीपेक्षा हा नाद पक्का झाला होता.

केडगावात शिक्षकाची नोकरी लागली. लग्न झाले. आणि नादाला खाद्य मिळेना. शेवटी 2007 साली पुणे एफ.सी. नावाचा संघ निघाला आणि दोन वर्षांनी आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या पंगतीत, जाऊन बसला. सामने बालेवाडीला. मी मनाशी ठरवून टाकले, की हा आपला संघ.

"पुण्याचा संघ आपला कसा?" असे आमच्या तात्यांनी विचारले. तात्या म्हणजे शेजारचे बागायतदार. माझे उत्तर तयार होते. "तात्या, पुण्याला जे जे नको असतं ते ते मुळा-मुठा आपल्या तालुक्यात आणून सोडते. पुण्याचं सांडपाणी आपलं, तर पुण्याचा संघ आपला का नाही?" तात्यांचा ऊस त्याच पाण्यावर. ते गप्प बसले.

घरात मात्र असे सोपे नव्हते. 2014 साली एफ.सी. पुणे सिटी हा दुसरा संघ नव्या इंडियन सुपर लीगमध्ये उतरला आणि सामने टीव्हीवर दिसू लागले. पहिल्याच महिन्यात, 18 ऑक्टोबरला, मुंबईशी सामना होता. मी हिला मोठ्या कौतुकाने शेजारी बसवले. म्हटले, हा आपला डेव्हिड त्रेझगे. फ्रान्सकडून 1998 चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता, 2000 च्या युरोपीय अंतिम सामन्यात यानेच सोनेरी गोल मारला, आणि आता तो आपल्या पुण्याकडून खेळतो आहे.

"पोटासाठी माणसाला कुठं कुठं जावं लागतं," ही म्हणाली. मग थोडा वेळ पाहून तिने विचारले, "यातले आपले कोणते?"

"ज्यांच्यावर गोल होताहेत ते."

त्या दिवशी आपल्यांवर पाच झाले. आपण मारलेले शून्य. ही चौथ्या गोलालाच पोळ्या लाटायला उठली. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढे त्रेझगे गेला, दुसरे आले. मार्सेलिन्यो ब्राझीलचा, अल्फारो उरुग्वेचा, आशिक कुरुनियन केरळचा, गोलकीपर विशाल कैथ हिमाचलचा. प्रत्येक वेळी ही विचारायची, "यातले आपले कोणते?" आणि मी छातीवर हात ठेवून ब्राझीलकडे बोट दाखवायचा.

आता माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या होम मॅचची हकीकत सांगतो. 2017-18 च्या हंगामात पुणे सिटी चौथे आले आणि इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले. पहिला सामना बालेवाडीला, बंगळूरशी, 7 मार्च 2018, रात्री आठ वाजता. वार बुधवार. दहावीची परीक्षा चालू. शाळेत रजा मागणे म्हणजे श्रावणात मटण मागण्यासारखे. मी पुष्कळ विचार केला. खोटे बोलणे शिक्षकाला शोभत नाही. शेवटी 'होम मॅच'चे जमेल तेवढे प्रामाणिक मराठी भाषांतर करून अर्जात लिहिले, 'घरचे कार्य असल्याने अर्ध्या दिवसाची रजा मिळावी.'

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिले. "कार्य कुठं आहे?"

"बालेवाडीला, सर."

"मोठा हॉल दिसतोय. जा, जा."

केशरी जर्सी अंगात, पाठीवर पिशवी, पिशवीत हिने दिलेल्या दशम्या, शेंगाची चटणी आणि ठेचा. पुणे सिटीचे पाठीराखे स्वतःला ऑरेंज आर्मी म्हणवत. बालेवाडीत हा रंग घातला की माणूस सैनिक वाटतो. केडगावच्या फलाटावर घातला की रेल्वेचा गँगमन वाटतो. मी उभा राहतो न राहतो तो एक आजी जवळ आल्या. "का रं बाबा, शटल किती लेट हाय?"

आता डेमू आली तरी आमच्याकडे तिला शटलच म्हणतात. मी आपले सहज म्हणालो, "वेळेवर आहे, आजी." आणि ती नेमकी वेळेवर आली. आजींनी दोन्ही हात माझ्या कानशिलावरून फिरवून कडाकडा बोटे मोडली. रेल्वेखात्यातली माझी ही एवढीच सेवा, पण निष्कलंक.

खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर. प्रत्येक स्टेशनावर मी डब्यात आणखी एखादा केशरी शर्ट चढतो का ते पाहत होतो. उरुळीला एक चढला. मी उत्साहाने हात वर केला. त्यानेही केला. जवळ आल्यावर कळले की तो खरा गँगमन होता. "कोणत्या सेक्शनला?" त्याने विचारले. मी म्हटले, "बालेवाडी." तो विचारात पडला.

बालेवाडीच्या दारावर पिशवी तपासली. बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, हे तिकिटाच्या मागे छापले होते म्हणे. तिकिटाच्या मागचे कोण वाचतो? आम्ही मुलांना प्रश्नपत्रिकेच्या मागचे वाचायला सांगतो, पण ते मुलांना. तपासणारा तरुण सांगलीकडचा निघाला. त्याने दशम्या पाहिल्या, ठेचा पाहिला, आणि त्याच्यातला नियम आणि भूक यांचा सामना मी डोळ्यांनी पाहिला. शेवटी दोघांनी तोडगा काढला. खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत, पण पोटातून नेता येतात. मी दाराशी उभा राहून चार दशम्या संपवल्या, ठेचा मात्र त्याने ड्यूटीनंतर खाण्यासाठी जप्त केला. मी उचक्या देत देत उपांत्य फेरीत प्रवेश केला.

बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधले. त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. प्रेक्षक आणि चेंडू यांच्यामध्ये केवढे अंतर! आमच्याकडे कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलावे तसे. चेंडू दिसत नाही, चेंडूची बातमी येते. मुख्य म्हणजे शिवी पोहोचत नाही. शाहू स्टेडियमवर एकाने मारलेली हाक ऐकून बॅकने मागे वळून उत्तर दिलेले मी पाहिले आहे. इथे तशी सोय नव्हती.

पण त्या रात्री गर्दी होती. ढोल होते, केशरी झेंडे होते. माझ्या शेजारी हिंजवडीतला एक संगणकवाला बसला होता. तो आपल्या खेळाडूंना इंग्रजीत शिस्तीने सूचना करत होता. मला तसे येत नाही. बंगळूरच्या सुनील छेत्रीकडे चेंडू गेला की माझ्या तोंडून आपोआप निघायचे, "आडव! आडव त्याला! बांधावरनं आडव!" उसात शिरलेल्या म्हशीला आम्ही असेच आडवतो. पहिल्यांदा शेजारी दचकला. दुसऱ्यांदा हसला. पंधरा मिनिटांनी तो उभा राहून "बांधावरनं आडव!" म्हणून ओरडत होता, आणि अर्ध्या तासाने आमची अख्खी रांग. बांध म्हणजे काय हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नसावे. पण छेत्री आडवला गेला, हे महत्त्वाचे.

सामना शून्य-शून्य सुटला.

आता शून्यालाही जाती असतात, हे फुटबॉल न पाहणाऱ्याला कसे सांगावे? गणिताच्या पेपरातले शून्य वेगळे आणि साखळीत पहिल्या आलेल्या बंगळूरला घरच्या मैदानावर गोल करू न देण्याचे शून्य वेगळे. नव्वद मिनिटे मी श्वास धरून ते शून्य पाहिले आणि घसा बसवून बाहेर पडलो. एवढ्या लोकांबरोबर एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी घाबरण्याचे सुख फार दिवसांनी मिळाले होते.

बाहेर पडेपर्यंत दहा वाजून गेले. पुणे स्टेशनला पोहोचेपर्यंत माझी शेवटची गाडी केव्हाच गेली होती. स्वारगेट गाठले आणि सोलापूरकडे जाणाऱ्या एस.टी.त चढलो. कंडक्टरने विचारले, "कुठं?"

"चौफुला."

त्याने घड्याळाकडे पाहिले. मग माझ्या केशरी जर्सीकडे पाहिले. मग तिकीट देत आस्थेने म्हणाला, "या वयात जपून, सर." मी सर आहे हे त्याला कसे कळले कोण जाणे. शिक्षकाच्या चेहऱ्यावर ते छापलेलेच असते. तिकिटाच्या मागे असते तसे.

एक वाजता चौफुल्याला उतरलो. चहाच्या टपरीवर दिवा होता. आणि त्या दिव्याखाली आमच्या गावातले एक अत्यंत वजनदार, टाळकरी, माळकरी गृहस्थ बशीत चहा ओतत होते. आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिले. बशी हवेत थांबली.

"सर, तुम्ही? इथं?"

"मॅच बघायला गेलो होतो," मी म्हणालो.

"हां, हां. मॅच." त्यांनी बशी तोंडाला लावली. "मीपण इकडं कीर्तनाला आलो होतो."

मी शपथेवर सांगू लागलो, तिकीट दाखवू लागलो. ते म्हणाले, "असू द्या हो सर. तुमचं आमच्यापाशी, आमचं तुमच्यापाशी." त्यांनी आपला शब्द किती पाळला असेल? आठ दिवसांत केडगावात 'मॅच बघायला जाणे' याचा अर्थ बदलून गेला. आजही संध्याकाळी कोणी अत्तर लावून मोटारसायकल काढली की पारावरून आवाज येतो, "काय, आज मॅच का?"

त्या टपरीवर आणखी एक म्हातारबुवा बसले होते. ढोलकी वाजवून बोटांची टोके दगड झालेली. सारे ऐकत होते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि त्या रात्री तो प्रश्न विचारणारे तेच एक भेटले.

"कोण जिंकलं?"

"बरोबरी झाली, बाबा."

"ब्येस झालं," ते म्हणाले. "सवाल-जवाबात बी आसंच आसतंय. कुणी एकदम हारलं की फड मोडतो. बरोबरी आसली की मानूस दुसऱ्या रात्री परत येतो." मग चहा संपवून म्हणाले, "पन येनारं आपलं मानूस पायजे. नायतर किती बी वाजवा."

मी अंधारातून चालत घरी आलो. हिने दार उघडले. इतक्या लांब जाऊन शून्य पाहून आलो हे सांगायचे धैर्य होईना. तिने निकाल विचारलाच नाही. म्हणाली, "ठेच्याचा डबा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी चौकशी केली. "काय, कार्य जमलं का?"

"बरोबरीत सुटलं, सर."

"म्हणजे?"

"दोन्हीकडून काहीच झालं नाही. आता रविवारी बंगलोरला पुढचं ठरेल."

"बंगलोरची पार्टी आहे?" सर गंभीर झाले. "लांबचं स्थळ. जरा सांभाळून."

सोमवारी त्यांनी पुन्हा विचारले. रविवारी, 11 मार्चला, छेत्रीने एकट्याने तीन गोल मारले होते. बांधावरून आडवायला तिथे आमच्यापैकी कोणी नव्हते. आमचा एक गोल झाला, तो लुक्काने फ्री किकवर मारलेला. मी खाली मान घालून म्हणालो, "मोडलं, सर. तीन-एक."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "देण्याघेण्याचे आकडे आधीच ठरवायचे असतात," ते म्हणाले.

इथवरची गोष्ट मी शाळेत पोरांना अनेकदा सांगितली. आमच्या आठवीत सात-आठ पोरे अशी होती की मधल्या सुट्टीत डबा न खाता चेंडू लाथाडायची. चेंडूचे आयुष्य आठ दिवस, कारण मैदानाच्या कडेला बाभळी. 'बांधावरनं आडव' हे त्यांना पाठ झाले होते. एके दिवशी त्यांच्यातला सर्वांत लुकडा म्हणाला, "सर, आम्हाला न्या ना एकदा होम मॅचला."

मी शब्द दिला. पुढच्या हंगामाला नक्की. शब्द देताना मला कोल्हापूरचे घरमालक आठवायला हवे होते.

2018-19 चा हंगाम आला. आधी सहामाही आली. मग दिवाळी. मग एका पोराच्या घरी ऊसतोड. मग सहल शाळेची की खासगी, आणि पालकांची संमतिपत्रे कोणत्या नमुन्यात, यावर महिना गेला. पोरांनी शटलचे पैसे जमवले होते, ते माझ्याकडे एका पाकिटात होते. मी म्हटले, घाई काय आहे? संघ कुठे पळून जातोय? पुढच्या वर्षी जाऊ.

आणि 2019 साली संघ पळून गेला. म्हणजे बंद झाला, आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला.

तसा मला याचा सराव असायला हवा होता. पुणे एफ.सी. 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरे आले आणि 2015 ला बंद पडले. त्याच साली भारत एफ.सी. नावाचा पुण्याचाच संघ एक हंगाम खेळून मिटला. डी.एस.के. शिवाजियन्स आय-लीगचे दोन हंगाम खेळले, 2017 ला संपले. तात्या तर म्हणत, "सर, तुम्ही एकदा ते हैदराबाद आपलं म्हणा बरं." पण या वेळी माझ्या टेबलाच्या खणात ते पाकीट होते. पोरे तेव्हा नववीत गेली होती. मी वर्गात उभा राहिलो आणि संघ बंद झाल्याचे सांगितले.

"बंद म्हणजे?" लुकड्याने विचारले. "सगळी खेळाडू आजारी पडली?"

"नाही. मालकांनी बंद केला."

"संघाला मालक असतो?"

या प्रश्नाला मी आजवर बी.एड.मध्ये शिकलेले कोणतेही तंत्र वापरून उत्तर देऊ शकलेलो नाही. शिवाजी पेठेत असे कोणी विचारले असते तर लोक हसले असते. तिथे पाटाकडील बंद करायचे तर पेठ बंद करावी लागेल. इथे मी दहा वर्षे तिकिटे काढून, शटल पकडून, ब्राझीलकडे बोट दाखवून आपले आपले म्हणत होतो, आणि एका बातमीत ते दुसऱ्याचे निघाले. मी पोरांचे पाकीट परत केले. त्यांची नजर चुकवून केले, हेही सांगतो.

दोन दिवसांनी पाकीट माझ्याच टेबलावर परत आले. "सर, यात फुटबॉल येतो का बघा. चांगला. काटा न लागणारा."

काटा न लागणारा फुटबॉल जगात नाही, पण बरा आला. मग 2020 च्या संक्रांतीआधीच्या रविवारी आम्ही शेजारच्या गावच्या शाळेला बोलावणे पाठवले. गोलाचे खांब बांबूचे. जाळी तात्यांनी दिली. कांद्याच्या लाल जाळीदार गोण्या उसवून, शिवून अशी झकास जाळी केली की बालेवाडीलाही हेवा वाटावा. फक्त गोल झाला की थोडी टरफले उडायची. माझी केशरी जर्सी लुकड्याला दिली. तो गोलकीपर. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. आत चेंडू लपवता आला असता.

प्रेक्षक तीसेक. शिवाय दोन म्हशी. त्या खरोखरच बांधावरून आडवाव्या लागल्या. माझे माळकरी गृहस्थही आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आज खरीच मॅच हाय बरं का." मुख्याध्यापक खुर्ची घेऊन बसले. मी त्यांना म्हटले, "सर, हेच ते घरचं कार्य." त्यांना आत्ता कुठे उलगडा झाला असावा, कारण ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

आणि ही आली. आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला. पदर खोचून सीमारेषेवर उभी राहिली. मी वाट पाहत होतो, आता विचारील, यातले आपले कोणते? तिने विचारले नाही. तीच मला सांगू लागली. "तो डावीकडचा बघा, त्याच्या आईनं आपली चाळण नेलीय, अजून दिली नाही. तो मधला, त्याला काल ताप होता, त्याला का पळवताय? आणि तुमची जर्सी घातलेलं ते पोर, सकाळपासून जेवलं नसणार, तोंड बघा त्याचं."

आम्ही चार-एक हरलो. तो एक कसा झाला, हे आमच्या संघातही कोणाला नीट सांगता येत नाही. चेंडू तात्यांच्या म्हशीला लागून आत गेला असे पाहुण्यांचे म्हणणे होते, पण पंच मीच होतो.

सामना संपल्यावर हिने पाहुण्यांना आणि आपल्यांना एकाच ताटातून तिळगूळ वाटला. गोलकीपरला दोन जास्त दिले. तो चार गोल खाऊन आलेला, मान खाली. तिने त्याची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी दशम्या खाऊन ये." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि याच्या आईला सांगा, चाळण राहू दे."